पांढऱ्या कपड्यातला मेस्त्री

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत दोन पानं लिहायची म्हटलं की व्हायवापेक्षा जास्त टेन्शन येतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. विषय मात्र मनापासून निवडला आहे.

गोष्ट सुरू होते आमच्या पेठ वडगावात, दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टीच्या तोंडावरच रिझल्ट लागला आणि एम-थ्री राहिला. पप्पा फारसं बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड असतं. मग मीच बोलायला लागलो. कुठेतरी वाचलेला एक किस्सा मला पाठ होता. होंडा कंपनीचा मालक सोइचिरो होंडा कॉलेजात परीक्षेलाच बसला नाही. त्याने डिप्लोमाची तुलना सिनेमाच्या तिकिटाशी केली आणि तिकीटच जास्त कामाचं ठरवलं. हा किस्सा मी पप्पांना मोठ्या तोऱ्यात ऐकवला. पप्पांनी चष्मा पुसला आणि दुकानाला निघून गेले.

दुपारी वाईट वाटायला लागलं. म्हटलं निदान त्यांची गाडी तरी चकाचक करावी. आमची गाडी म्हणजे जुनी हिरो होंडा. याच गाडीवर पप्पांनी मला कित्येक वर्षं वडगावहून कोल्हापूरला शाळेत सोडलं. पावसाळ्यात पुढच्या चाकाचा चिखल थेट त्यांच्या पँटवर यायचा. म्हणून ते गुडघ्यापासून खाली पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळायचे. मी मागे बसायचो, माझा युनिफॉर्म बऱ्यापैकी स्वच्छ राहायचा.

तर मी गाडी धुतली. टाकी चमकली, पण काळं प्लॅस्टिक, म्हणजे आरशांची कव्हरं, इंडिकेटरच्या दांड्या, मागच्या मडगार्डचा भाग, राखाडी आणि फिकटच दिसत होतं. मग मी शॉर्टकट मारला. फडक्यावर थोडं पेट्रोल घेतलं आणि सगळं घासून काढलं. काय सांगू, पाच मिनिटं गाडी शोरूममधून आल्यासारखी काळीभोर! दुसऱ्या दिवशी ऊन लागलं आणि सगळीकडे पांढरे चट्टे. आधीपेक्षा वाईट.

गाडी घेऊन ओळखीच्या मेस्त्रीमामांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि मला सरळ खुळ्यात काढलं. मग टाकीवरच्या नावाकडे बोट करून विचारलं की ज्याचं नाव घेऊन फिरतोस त्याच्याबद्दल काय माहीत आहे. मला तो सिनेमाच्या तिकिटाचा किस्साच माहीत होता. तो सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले की मग अर्धंच वाचलं आहेस. हॉस्टेलवर परत आल्यावर उरलेलं अर्धं वाचून काढलं. तेच तुमच्यासमोर ठेवतो आहे.

सोइचिरो होंडांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो नावाच्या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार होते, पुढे सायकल दुरुस्तीही करू लागले. आई मिका विणकाम करायची. घरात पैसा बेताचा, पण हातात हत्यार लहानपणापासून. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हे पोरगं तिच्यामागे धावत सुटलं. मोटार निघून गेली आणि रस्त्यावर तेलाचे थेंब पडले, तर हा खाली वाकून त्याचा वास घेत बसला. १९१७ साली हामामात्सुला आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक विमानाच्या कसरती दाखवायला आला. तिकिटाला पैसे पुरेनात, तेव्हा वडिलांची सायकल पळवून गेलेल्या सोइचिरोने झाडावर चढून तो खेळ बघितला.

अभ्यासात मात्र आनंदच होता. आपल्या हॉस्टेलवाल्यांना आवडेल असा एक किस्सा सांगतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांचा शिक्का मारून आणावा लागायचा. याने रबराच्या तुकड्यावर घरच्या नावाचा शिक्का कोरला. मित्रांनाही हवा होता, म्हणून त्यांच्या नावाचेही शिक्के पाडून दिले. होंडा हे नाव जपानी लिपीत उभं लिहिलं तर आरशात पाहिल्यासारखं उलटं केलं तरी तसंच दिसतं. मित्रांची नावं तशी नव्हती! त्यांचे शिक्के उलटे उमटले आणि सगळी टोळी पकडली गेली. पालकांच्या सह्या स्वतःच करणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा... हा शिक्का लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९२२ साली शाळा संपवून हा मुलगा टोकियोला ‘आर्ट शोकाई’ नावाच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये लागला. वय पंधरा. डोक्यात इंजिनं, पण हातात दिलं काय, तर मालकाचं तान्हं बाळ! पहिले कित्येक महिने बाळ सांभाळणं आणि गॅरेज झाडणं-पुसणं एवढंच काम. घरी परत जावंसं वाटलं, पण राहिला. मग एक दिवस कामाची गर्दी वाढली आणि मालक युझो साकाकिबारा यांनी त्याला हाताखाली घेतलं. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोत प्रचंड भूकंप झाला, शहर जळालं, गॅरेजही गेलं. मागे राहिलेल्या मोजक्या माणसांत होंडा होता. जळक्या गाड्या पुन्हा उभ्या करता करता तो पक्का मेस्त्री झाला.

१९२८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मालकाने त्यांना आर्ट शोकाईच्या नावाने हामामात्सुला स्वतःची शाखा काढू दिली. विचार करा, एकविसावं वर्ष म्हणजे आपलं थर्ड इयर-फायनल इयर. त्या काळी मोटारींच्या चाकांचे आरे लाकडी असत. होंडांनी ते ओतीव धातूचे बनवले आणि पेटंट मिळवलं. गॅरेज जोरात चाललं. रेसिंगचा नाद होताच. १९३६ साली टोकियोजवळच्या शर्यतीत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ गाडीतून फेकले गेले. दोघेही जखमी झाले, पण वाचले.

आता येतो तो अर्धा भाग, जो मी वाचला नव्हता.

दुरुस्ती करून कंटाळलेल्या होंडांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं. १९३७ च्या सुमारास त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. इंजिनातल्या पिस्टनभोवती बसणारी छोटीशी रिंग, दिसायला अगदी किरकोळ. रात्र रात्र जागून बनवल्या. वरून बघितलं तर रिंग अगदी छान, पण इंजिनात टिकेनात. कारण काही कळेना. होंडांच्या हातात कसब होतं, पण धातूच्या आत काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते हामामात्सुच्या तंत्रशाळेत गेले, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांकडून कळलं की त्यांच्या धातूत सिलिकॉन कमी आहे. सिलिकॉन नावाची भानगड असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं!

आणि मग तिशीतला, लग्न झालेला, गावात नाव असलेला हा गॅरेजमालक त्या तंत्रशाळेत पोरांच्या बरोबर बाकावर जाऊन बसला. दिवसा वर्ग, संध्याकाळी कारखाना. ज्या विषयाचा रिंगशी संबंध नाही तिथे लक्ष नाही, परीक्षेला बसायचं नाव नाही. म्हणून शाळेने डिप्लोमा मिळणार नाही असं कळवलं, आणि तेव्हाच ते प्रसिद्ध सिनेमाच्या तिकिटाचं उत्तर आलं. माझ्यासारख्याने एवढीच ओळ उचलली. त्याच्या आधीची दोन वर्षं मी वाचलीच नव्हती. ते शिक्षणाला कंटाळून बाहेर पडले नव्हते. आपल्याला काय येत नाही हे कबूल करून ते स्वतःच्या पायांनी आत गेले होते. मी एम-थ्रीच्या पुस्तकाकडे तसा एकदाही गेलेलो नव्हतो.

तरीही यश लगेच आलं नाही. टोयोटाला नमुन्यासाठी पन्नास रिंग पाठवल्या, त्यातल्या फक्त तीन पास झाल्या. पन्नासात तीन! आपल्याकडे याला केटी सुद्धा म्हणत नाहीत, इयर डाऊन म्हणतात. होंडा पुन्हा कामाला लागले, वेगवेगळे कारखाने आणि विद्यापीठं फिरले, आणि शेवटी त्यांची ‘तोकाई सेइकी’ ही कंपनी टोयोटाला माल पुरवू लागली. मग महायुद्ध आलं. बॉम्ब पडले. १९४५ च्या जानेवारीत मिकावाच्या भूकंपाने राहिलेला कारखाना झोपवला. युद्ध संपल्यावर त्यांनी कंपनी साडेचार लाख येनला टोयोटाला विकली आणि वर्षभर काहीच केलं नाही.

१९४६ साली त्यांच्या हाती सैन्याच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं लागली. लोकांना प्रवासाला साधन नव्हतं, गाड्या खच्चून भरलेल्या. होंडांनी इंजिन सायकलला बसवलं. पेट्रोलच्या टाकीसाठी सुरुवातीला काय वापरलं माहितीये? अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली! चाचणीसाठी गाडी दिली पत्नी साचीच्या हातात. ती गावभर फिरून आली आणि तिने तक्रार केली की चांगली विजार तेलाने भरली. इंजिनातून इंधन उलटं फेकलं जात होतं. दुसरा एखादा म्हणाला असता की गाडी चालली ना, कपडे धुऊन टाक. होंडांनी कार्बुरेटरचं काम पुन्हा हातात घेतलं. चालवणाऱ्याचे कपडे खराब होत असतील तर तो गाडीचा दोष, हे तेव्हाच ठरून गेलं असावं असं मला वाटतं.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी ‘होंडा मोटर’ कंपनी स्थापन झाली. माणसं फक्त चौतीस. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा नावाचा भागीदार मिळाला. तो विक्री आणि पैसा बघणारा, होंडा फक्त यंत्रं बघणार. आता तो शिक्का आठवा. जपानमध्ये सहीच्या जागी शिक्का चालतो. लहानपणी खोटा शिक्का कोरणाऱ्या होंडांनी आपला खरा, कंपनीच्या मालकाचा शिक्का फुजिसावांच्या हाती देऊन टाकला आणि पुन्हा त्यात लक्ष घातलं नाही. एवढा विश्वास आपण प्रोजेक्ट पार्टनरवर तरी टाकतो का?

त्यांच्या कारखान्यातली एक पद्धत मला फार आवडली. कामगारांचे कपडे पांढरे. ग्रीस, ऑइल, लोखंडाचा कीस, आणि वर पांढरे कपडे! आपण वर्कशॉपला डाग दिसू नये म्हणून निळा नाहीतर खाकी ड्रेस घालतो. तिथे विचार उलटा. डाग पडला तर तो दिसला पाहिजे. डाग का पडला ते शोधा, गळती बंद करा, जागा स्वच्छ ठेवा. मालकही तेच कपडे घालून फिरायचे. माणूस तापट होता, चूक दिसली की ओरडायचा, कधी हातातलं फेकायचा, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

१९५६ साली होंडा आणि फुजिसावा युरोप बघून आले. तिथे छोट्या मोपेड खूप होत्या. फुजिसावांना अशी गाडी हवी होती जी बायका सहज चालवतील, नूडल्स पोचवणारा पोऱ्या एका हातात ताटं घेऊन चालवेल, आणि जिचं इंजिन उघडंवाघडं दिसणार नाही. यातून ऑगस्ट १९५८ मध्ये ‘सुपर कब’ आली. ५० सीसी, फोर स्ट्रोक, हाताच्या क्लचची भानगड नाही. आणि तिच्यावर होतं प्लॅस्टिक! पुढचं मडगार्ड आणि पायांसमोरची मोठी ढाल पॉलिइथिलीनची. जपानचे तेव्हाचे बरेच रस्ते कच्चे होते. चिखल, पाणी, समोरचा गार वारा यापासून पाय वाचावेत म्हणून ही ढाल. पत्र्याची केली असती तर जड झाली असती, गंजली असती, आपटली की पोचली असती. त्या काळी गाडीवर एवढे मोठे प्लॅस्टिकचे भाग बसवणं हे धाडसच होतं.

हे वाचताना मला पप्पांच्या पायांवरच्या पिशव्या आठवल्या. जे काम होंडांनी १९५८ साली प्लॅस्टिकच्या ढालीने केलं, तेच पप्पांनी वाठारच्या फाट्यावर दुकानातल्या पिशव्यांनी केलं. सुपर कब २०१७ सालापर्यंत जगभरात मिळून १० कोटी बनली होती. कुठल्याही मोटार वाहनाच्या एका मालिकेने गाठलेला हा पहिलाच असा आकडा.

पुढची कहाणी पुष्कळांना माहीत असेल. १९५४ साली कंपनी अडचणीत असतानाच होंडांनी आयल ऑफ मॅनची टीटी शर्यत जिंकण्याची घोषणा करून टाकली. १९५९ साली पहिल्यांदा उतरले, तेव्हा सहावा नंबर आला. १९६१ साली १२५ आणि २५० सीसी दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे. नंतर मोटारी आल्या. तिथे मात्र ते एका बाबतीत अडून बसले. इंजिन हवेनेच थंड करायचं, पाण्याने नाही, हा त्यांचा हट्ट. तरुण इंजिनिअर्स वैतागले. शेवटी फुजिसावांनी त्यांना विचारलं की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून. होंडांनी माघार घेतली. त्या तरुणांनी केलेलं पाण्याने थंड होणारं सीव्हीसीसी इंजिन १९७२ साली जाहीर झालं आणि अमेरिकेचे कडक प्रदूषण नियम त्याने पार केले. १९७३ साली होंडा आणि फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले. आपल्या मुलाला त्यांनी कंपनीत आणलं नाही.

निवृत्तीनंतर ते जपानभरच्या कारखान्यांत आणि दुकानांत जाऊन एकेका माणसाचे हात हातात घेऊन आभार मानत फिरले. एका कामगाराने हात तेलकट आहे म्हणून मागे घेतला आणि धुवायला निघाला, तर होंडांनी त्याला थांबवून तोच हात धरला आणि त्या तेलाचा वास घेतला, असं सांगतात. गाडीमागे धावणारं ते पोरगं आठवलं ना? ५ ऑगस्ट १९९१ रोजी ८४ व्या वर्षी ते गेले. आपल्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर वाहतूक तुंबू नये म्हणून कंपनीच्या वतीने मोठा अंत्यविधी करू नये, अशी त्यांची इच्छा होती. भारतात हिरोबरोबरची कंपनी १९८४ साली झाली आणि १९८५ साली हरियाणातल्या धारुहेऱ्यातून सीडी १०० बाहेर पडली. दोन्ही कंपन्या २०१० च्या शेवटी वेगळ्या झाल्या, पण आमच्या टाकीवर दोन्ही नावं अजून शेजारी शेजारी आहेत.

आता शेवटी ते प्लॅस्टिकचे चट्टे. मेस्त्रीमामांनी सांगितलं ते आणि मटेरियल्सच्या पुस्तकात वाचलं ते, दोन्ही जुळतं. गाडीचं रंग न दिलेलं काळं प्लॅस्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएस असतं. काळा रंग हा कार्बन ब्लॅकचा, तो स्वतःच उन्हापासून थोडं संरक्षण देतो. पण वर्षानुवर्षं उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, बारीक भेगा पडतात, त्यावर उजेड विखुरतो आणि भाग पांढुरका दिसतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर लावलं की त्या भेगा तात्पुरत्या भरतात म्हणून काळं दिसतं. पेट्रोल उडालं की चट्टे परत, आणि एबीएस तर पेट्रोलने तडकूही शकतं. टाकीचं पॉलिशही नको, त्याची पांढरी पूड खरखरीत प्लॅस्टिकच्या खळग्यात अडकून बसते.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणूनच कोणी करत नाही. गाडी सावलीत आणि थंड असावी. आधी नुसतं पाणी मारून माती सोडवायची, नाहीतर फडक्याखाली तीच माती ओरखडे पाडते. कपड्याची पावडर न वापरता गाडीचा सौम्य शॅम्पू आणि मऊ ब्रश. पूर्ण वाळवायचं. मग अतिनील संरक्षण असलेलं प्लॅस्टिकचं ड्रेसिंग अगदी पातळ लावायचं, जास्तीचं पुसून काढायचं. सीट, हँडलच्या मुठी, पाय ठेवायची रबरं, टायर आणि ब्रेक यांना ते अजिबात लावायचं नाही, घसराल. काही आठवड्यांनी परत करायचं आणि गाडी शक्यतो सावलीत लावायची. एवढं केलं तरी गेलेला थर परत येत नाही, पुढचा थर वाचतो.

पुढच्या सुट्टीत मी तसं केलं. सकाळचे दोन तास गेले. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आरशामागच्या खाचांतून निघता निघत नव्हती. चट्टे पूर्ण गेले नाहीत, जवळून बघितलं तर अजून दिसतात. पप्पांनी दुकानाला जाताना गाडीभोवती एक चक्कर मारली, एका चट्ट्यावर बोट फिरवलं आणि किक मारली.

एम-थ्रीचा फॉर्म भरला आहे. यावेळी आपल्याला नक्की काय येत नाही त्याची यादी केली. बरीच लांब झाली. पहिल्या ओळीवर लाप्लास आहे. कोणाकडे चांगल्या नोट्स असतील तर कृपया रूमवर आणून द्याव्यात!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी